देवळीतील निलगिरीची बाटली

बेळगावचा पाऊस एकदा लागला की घरोघरी शिंका ऐकू येतात आणि देवळीतील निलगिरीच्या तेलाची बाटली खाली उतरते. उटीच्या सहलीहून परतताना ही बाटली आठवणीने आणावी, ही आपल्याकडची जुनी रीत. मूळ ऑस्ट्रेलियातील हा वृक्ष १८४३ च्या सुमारास निलगिरी पर्वतावर लावला गेला आणि पर्वताचेच नाव मराठीत वृक्षाला व तेलाला मिळाले. पानांतून वाफ नेऊन ती थंड केली की हे तेल सुटे होते. सिनिओल हा त्यातील मुख्य घटक.

ह्या तेलाच्या वासाने चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. सर्दीचे मूळ मात्र त्याने जात नाही. मोठ्या माणसाने रुमालावर एक-दोन थेंब टाकून हुंगावे, अथवा दुखऱ्या गुडघ्यास चोळण्यासाठी चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब मिसळावेत. निव्वळ तेलाने कातडीची आग होते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गुडघ्याला तेल चोळून मी बाटली तिपाईवरच ठेवली आणि दार उघडण्यास गेले. परतून पाहते तो पावणेदोन वर्षांच्या नातवाच्या हाती बाटली, ओठ ओले आणि तोंडाला तोच उग्र दर्प! प्रथम ठसका, मग उलटी. आणि पाहता पाहता मूल पेंगू लागले. शेजारच्या काकू धावत मिठाचे पाणी घेऊन आल्या. सुदैवाने सूनबाईंनी डॉक्टरांना फोन लावला होता. "ओकारी काढू नका, बाटली बरोबर घेऊन तडक या," असे त्यांनी बजावले. ओकताना हे तेल फुप्फुसात उतरण्याची भीती असते. रॉकेल पोटात गेल्यावर असते तशीच. रात्रभर रुग्णालयात ठेवल्यावर मूल सुखरूप घरी आले. ती रात्र मी विसरू शकत नाही.

लहान मुलाच्या पोटात चमचाभर, म्हणजे सुमारे पाच मिलिलिटर तेल गेले तरी शुद्ध हरपणे, झटके येणे, श्वास मंदावणे असे गंभीर परिणाम संभवतात. त्याहून कमी तेलानेही मूल गुंगते. लक्षणे बहुधा अर्ध्या तासात दिसू लागतात. ती दिसण्याची वाट मात्र पाहू नये. साखरेवर थेंब टाकून चाटवण्याची सवय म्हणूनच सोडावी. तान्ह्यांच्या नाकाशी वा चेहऱ्याला हे तेल मुळीच लावू नये. दमेकऱ्यांना उग्र वासाने धाप लागू शकते. अपस्माराच्या रुग्णांनीही जपावे; निलगिरी व कापूर यांच्या वापरानंतर झटके आल्याची उदाहरणे दक्षिण भारतातील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळतात. तेव्हा हुंगण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेतलेला बरा.

वनस्पतीपासून निघाले म्हणजे ते निरुपद्रवी, हा आपला समज किती भाबडा आहे, हे त्या संध्याकाळी मला कळले. आमची बाटली आजही घरात आहे. फक्त तिची जागा आता देवळीत नाही. ती कुलूपबंद कपाटात असते आणि किल्ली माझ्या कनवटीला.