वाईत दोन दिवस नुसतं बसा

पाचगणी-महाबळेश्वरला जाताना वाईत गाडी थांबते ती वीस मिनिटं. ढोल्या गणपती, एक सेल्फी, की लगेच पसरणीचा घाट. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. मग एकदा मुद्दाम दोन रात्री राहिलो.

सकाळी लवकर गणपती घाटावर जा आणि मोबाईल खिशातच ठेवा. धुणी, पूजा, पायऱ्यांवरच्या गप्पा, नदीकाठचा दिवस कसा सुरू होतो ते दिसेल. घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. हिवाळा सरताना आलात तर कृष्णाबाईचा उत्सव मिळेल. एकेका घाटावर पाळीपाळीने देवी बसते, त्यामुळे तो बरेच दिवस चालतो. धावत्या प्रवाशाला त्याचा पत्ताही लागत नाही!

मेणवली तीनेक किलोमीटर. चालतच जा. नाना फडणवीसांचा वाडा बघून घाटावर उतरलात की छोट्या देवळात मोठी घंटा दिसेल. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, शिवाय १७०७ हे साल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधून ती इकडे आली, असं सांगतात. बहुतेक जण मात्र 'स्वदेस'चं शूटिंग कुठे झालं तेवढंच विचारून परत फिरतात. (झालं इथंच, पण घंटा बघा हो.)

आणि हो, मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईतूनच चालवलं.

एसटीनेच या. पार्किंगची कटकट नाही.