सहदेवी : प्रत्यक्ष ओळख

ज्वरात पंचांगाच्या स्वरूपात वापरली जाणारी सहदेवी शोधण्यास रानात जावे लागत नाही. पदपथाच्या फटी, बांधकामाचा राडारोडा, ओसाड भूखंड अशा उकरलेल्या जमिनीवर ही एकवर्षायू देशी वनस्पती आपोआप उगवते. मात्र तिच्याच शेजारी सदामंडी व ओसाडी वाढतात आणि बाजारातील जुडीत तिन्ही एकत्र येण्याचा संभव असतो.

नावाचा घोळ प्रथम दूर करावा. भावप्रकाशात सहदेवी हा पीतपुष्पा महाबलेचाही पर्याय आहे. प्रस्तुत लेखातील सहदेवी जांभळ्या फुलांची, म्हणजे व्हर्नोनिया सिनेरिया होय. १९९० पासून तिला सायँथिलियम सिनेरियम हेही नाव आहे. नव्या ग्रंथांत ते आढळल्यास वनस्पती वेगळी समजू नये.

रंगावर विसंबू नये. सदामंडीची फुलेही गुलाबी-जांभळीच असतात आणि दोहोंच्या बीजांवर पांढरा कापसासारखा पिच्छसंभार असतो. निर्णायक खूण स्तबकाच्या तळाशी आहे. सहदेवीत तेथील हिरवी छदे अरुंद, टोकदार व अनेक ओळींत एकावर एक रचलेली असतात. सदामंडीत ती एकाच ओळीत, समान लांबीची असून नळीसारखी दिसतात. साधे भिंग पुरेसे आहे. शिवाय सदामंडीची वरची पाने देठाविना खोडाला कवेत घेतात व खालची मुळ्याच्या पानासारखी कापलेली असतात. सहदेवीचे खोड रेषायुक्त, राखट लवयुक्त. पाने एकाआड एक, खोडाला न वेढणारी.

मूळची अमेरिकेतील ओसाडी ओळखणे सोपे. तिची खालची पाने समोरासमोर असतात, चुरडल्यास उग्र दर्प येतो आणि बीजावर कापसाऐवजी पाच टोकदार खवले असतात.

सहदेवीचे मूळ केवळ डोक्यास बांधायचे असते, तर या गोंधळाने फारसे बिघडले नसते. परंतु तिचा क्वाथ बालरुग्णांसही दिला जातो. सदामंडी व ओसाडी या दोहोंत पायरोलिझिडिन वर्गातील अल्कलॉइड्स आहेत. ती यकृतातील सूक्ष्म सिरांना इजा करतात आणि ही इजा साचत जाते. ज्वर उतरल्यावर तिचा संबंध औषधाशी जोडला जाणे कठीणच.

म्हणून औषधालयाने चूर्ण विकत घेऊ नये. फुलांसह अखंड पंचांग घ्यावे. चूर्णच हाती आले तर सूक्ष्मदर्शकाखाली इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची रोमे शोधावीत. ती सहदेवीत असतात. परंतु ती दिसली म्हणजे चूर्णात दुसरे काही मिसळलेले नाही, असे ठरत नाही. शहरातील रोप ओळख पटवण्यापुरतेच उपटावे. वाहनांचा धूर व सांडपाणी लाभलेल्या जागेतील द्रव्य खलात घालू नये.