उंच मुलाचं हृदय एकदा तपासून घ्या

वस्तीतलं एखादं पोरगं सोळाव्या वर्षीच दाराच्या चौकटीला टेकू लागलं, की घरात आनंद होतो. पोलीस भरतीला मुलांची उंची १६५ सेंमी लागते, ती याने केव्हाच ओलांडलेली असते. मग पहाटे उठून १६०० मीटर धावण्याचा सराव सुरू होतो. वरणगावात आणि आसपास अशी मुलं आपण पाहतो. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण त्यातल्या एखाद्याच्या उंचीमागे आजारही असू शकतो, म्हणून आज आम्ही हे लिहीत आहोत.

या आजाराला मार्फन सिंड्रोम म्हणतात. मार्फन या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने १८९६ साली लांब, बारीक बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीची नोंद केली, त्यावरून हे नाव पडलं. साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो. शरीराला बांधून ठेवणाऱ्या तंतूंमधलं फायब्रिलिन हे प्रथिन जन्मापासून नीट तयार होत नाही. त्यामुळे हाडं लांबतात, सांधे सैल राहतात. खरा धोका मात्र हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला, म्हणजे महाधमनीला असतो. तिची भिंत कमजोर असल्याने ती हळूहळू फुगते. फुगताना बहुधा काहीच दुखत नाही. पुढे एखाद्या दिवशी आतला पदर फाटतो आणि माणूस काही तासांत दगावू शकतो. हृदयाची झडपही सैल होऊन गळू शकते.

अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन सहा फूट पाच इंच उंच होती. १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये तिच्या संघाने रौप्यपदक मिळवलं. जानेवारी १९८६ मध्ये जपानमधल्या एका सामन्यात ती बाकावर बसली आणि तिथेच कोसळली. महाधमनी फाटली होती. आजाराचा पत्ता तिच्या मृत्यूनंतर लागला. मग तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही हाच आजार निघाला आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली.

घरी काय पाहायचं? दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी उंचीपेक्षा बरीच जास्त आहे का? अंगठा मुठीत धरला तर त्याचं टोक करंगळीच्या बाजूने बाहेर येतं का? छाती आत दबलेली किंवा पुढे आलेली, पाठ वाकडी, चष्म्याचा नंबर फार मोठा, असं काही आहे का? घरात कोणी कमी वयात ‘चालता-बोलता’ गेलं आहे का? यातलं एखादंच लक्षण असलं तर घाबरू नका. प्रत्येक उंच मुलाला मार्फन नसतो. पण दोन-तीन गोष्टी जुळल्या तर भरतीचा सराव थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा.

टूडी इको ही तपासणी सोनोग्राफीसारखीच असते, सुई लागत नाही. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन विचारा. डोळेही तपासून घ्या. आजार निघाला तर रक्ताचा जोर कमी करणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात आणि इको ठरलेल्या वेळी पुन्हा करावा लागतो. महाधमनी साधारण पाच सेंमी रुंद झाली, की फाटण्याआधीच शस्त्रक्रिया करतात. खर्चासाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा.

आई किंवा बाप यांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत तो घरात आधी कोणालाच नसतो. म्हणून सुनेला दोष देऊ नका. गंडादोऱ्याने धमनी घट्ट होत नाही. आजार असलेल्या मुलीने दिवस राहण्याआधीच हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण गरोदरपणात धोका वाढतो.

छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, तर गॅस समजून घरी बसू नका. १०८ ला फोन करा आणि ‘याला मार्फन आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगा. हार्ट अटॅक समजून रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं गेलं, तर जीव जाऊ शकतो.

भरती हुकली म्हणून पोराचं आयुष्य संपत नाही. या आजाराने बुद्धी कमी होत नाही. मैदान सुटलं तरी पुस्तक हातात आहे. आधी तो जगला पाहिजे.