पूरग्रस्तांचे धान्य आणि दोन दिवसांची अट

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगा या नद्यांनी सांगली-कोल्हापूरकडे जो हाहाकार उडविला, त्या वेळी राज्य सरकारने एक निर्णय काढला होता. जेथे दोन दिवसांहून अधिक काळ पाणी राहिले, तेथील कुटुंबास दहा किलो गहू व दहा किलो तांदूळ फुकट द्यावे, असा तो निर्णय. लोक संतापले व आमच्या मते योग्य कारणाने संतापले. ज्याच्या घरात पाणी एकच रात्र राहिले, त्याचे पीठ, डाळ व चूल कोरडी राहिली होती काय? मदत मोजावयाची ती भुकेवरून. पाणी किती तास साचले, हे पाहण्याचे काम पाटबंधारे खात्याचे.

बरे, गहू मिळाला तरी तो दळावा कोठे? गावची चक्की पाण्यात आणि वीज बंद. पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद पडून मालमोटारी जागच्या जागी उभ्या होत्या. अशा समयी पहिल्या आठवड्यात शिजलेले अन्न, पीठ, चुरमुरे व दूध यांची गरज असते. धान्याचे पोते त्यानंतरचे. कागदावर मदत ठरविणाराने एकदा तरी पुराच्या गावी स्वयंपाक करून पाहावा.

मापाचीही गोष्ट पाहा. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडी रोकड ठरविली, तेव्हा ते माप उपासमारीचे म्हणून पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठविला. त्याच मापाने वरील वीस किलो धान्य पाच माणसांच्या घरास नऊ दिवसही पुरत नाही!

या कामी पैसा नाही, ही सबब आम्हांस पटत नाही. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ साली झाला व निवाऱ्याच्या छावणीत अन्न, पाणी, औषध यांचे किमान प्रमाण ठरविण्याची तजवीज त्यात आहे. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती-निधीकरिता १ लक्ष ६० हजार कोटींहून अधिक रक्कम ठरविली; महाराष्ट्रासारख्या राज्यात तिचे तीन हिस्से केंद्राचे व एक हिस्सा राज्याचा. म्हणजे हा पैसा आधीच बाजूस काढलेला, व तो तुमच्या-आमच्या करातून आलेला. असे असता इचलकरंजीस मदतीच्या धान्याच्या पिशव्यांवर मुख्यमंत्र्यांची व स्थानिक आमदारांची छायाचित्रे झळकली! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच हा प्रकार.

आमच्या व्यापारी वाचकांस एक जुनी हकिगत येथे सांगण्यासारखी आहे. १८७८ साली दुष्काळ-विम्याच्या नावाने सालिना दीड कोटी रुपये बाजूस काढण्याचे ठरले व त्यासाठी मुंबई इलाख्यातील व्यापाऱ्यांवर लायसेन्स टॅक्स बसला. त्यावरून सुरतेस दंगाही झाला. लगेच अफगाण युद्ध उपस्थित झाले, आणि दुष्काळाचा पैसा दुष्काळाकडे जात नाही अशी ओरड सुरू झाली. ती निराधार नव्हती. त्या वेळी जाब विचारणारे लोक परक्या सरकारपुढे उभे होते. आज तीही अडचण नाही.

तेव्हा आमचे मागणे एवढेच की, पूररेषेतील प्रत्येक तालुक्यात मृगापूर्वीच पीठ, तांदूळ, डाळ व तेल यांचा साठा उंच जागी करून ठेवावा. स्थानिक दुकानदारांशी भाव आगाऊ ठरवून त्यांची बिले महिन्याच्या आत चुकती करावीत. (पुरात मेणबत्तीचा भाव चढविणाऱ्या दुकानदारास त्या यादीतून कायमचे वगळावे, हे ओघानेच आले.) वाटपाचा अधिकार तहसीलदारास असावा, मुंबईच्या हुकुमाची वाट त्याने पाहू नये, आणि कोणास किती दिले याची यादी दिवाळीपूर्वी चावडीच्या भिंतीवर लागावी.