संपलेला डाव पुन्हा मांडावा काय?

साठ-सत्तर तास खर्ची घालून एखादा तरुण आपल्या आवडत्या व्हिडिओ गेमच्या शेवटास येतो. शत्रू पडलेला असतो, राज्य सावरलेले असते, खेळ रचणाऱ्यांची नामावळी पडद्यावरून सरकून गेलेली असते. आणि तिच्या मागोमाग आरंभीचाच फलक पुन्हा उभा राहतो. त्यावर ‘नवा खेळ’ एवढेच दोन शब्द असतात. येथे त्याचा हात घुटमळतो. कथा तर कळली. मग पुन्हा त्याच गावातून, त्याच पहिल्या पावलापासून निघण्यात अर्थ काय? घरातील वडीलधाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही. एकदा वेळ गेला तेवढा पुरे झाला, असे त्यांचे मत असते.

तथापि त्याच घरात दरवर्षी पोथीचे पारायण होत असते, आणि पुढच्या अध्यायात काय येणार हे ठाऊक नसलेला श्रोता तेथे सहसा नसतो. ‘संगीत सौभद्रा’त सुभद्रा अखेर अर्जुनालाच मिळणार हे जाणूनही पिढ्यान् पिढ्या प्रेक्षक त्या नाटकास जात आले. तेव्हा शेवट ठाऊक असणे हे पुनरावृत्तीविरुद्धचे पुरेसे कारण नव्हे. परंतु पोथी आणि हा खेळ यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पोथी कितीदाही उघडली तरी तिच्यातील ओवी बदलत नाही. या खेळात मात्र पुढचा प्रसंग खेळणाऱ्याच्या निवडीवर अवलंबून असतो. निदान तसे त्याला भासविलेले असते. दुसरा डाव कशासाठी मांडावा, याचे उत्तर या भेदातच शोधावे लागते.

भूमिका घेऊन खेळावयाच्या या प्रकाराचा उगम अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन मंडळी टेबलाभोवती बसत. प्रत्येकाने आपल्या पात्राची कृती सांगावयाची आणि एका सूत्रधाराने तिचा परिणाम सांगावयाचा, अशी त्याची रीत. सूत्रधार माणूस असल्यामुळे अनपेक्षित कृतीलाही त्याच्याजवळ उत्तर असे. हा खेळ यंत्रात गेला तेव्हा ही मोकळीक राहिली नाही. यंत्राला आगाऊ रचून ठेवलेलेच सांगता येते.

आरंभीच्या काळात तर रचून ठेवावयास जागाही थोडी होती. युजी होरी यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा खेळ १९८६ साली जपानात निघाला. तो अवघ्या ६४ किलोबाइटांत बसविलेला होता. खेळ कोठवर आला हे लक्षात ठेवण्याची सोयही त्या पेटीत नव्हती. खेळणाऱ्याला वीस अक्षरांचा एक मंत्र कागदावर उतरून घ्यावा लागे आणि पुढच्या खेपेस तोच अचूक भरावा लागे. वाट बहुतांशी एकच. अगदी अखेरीस शत्रुराज नायकापुढे अर्ध्या जगाचे राज्य ठेवतो. ते स्वीकारले की खेळ तेथेच विझतो. एवढी एक कुतूहलाची जागा सोडली, तर दुसऱ्या डावात नवे म्हणावे असे फारसे हाती लागत नसे.

पुढे यंत्राची स्मृती वाढली, आणि खेळणाऱ्याने केलेल्या लहानसहान गोष्टींची नोंद ठेवणे शक्य झाले. ही नोंद म्हणजे बहुधा एक ‘होय’ किंवा ‘नाही’ असते. अमक्याला मदत केली काय? तमकी पेटी उघडली काय? शेकडो प्रसंगांनंतर तीच नोंद वाचून खेळ आपले बोलणे ठरवितो. या युक्तीचा एक सुंदर वापर स्क्वेअर कंपनीने १९९५ साली काढलेल्या ‘क्रोनो ट्रिगर’ या जपानी खेळात आहे.

कथेचा आरंभ इसवी सन १००० मधील एका जत्रेत होतो. तेथे एका मेजावर कोणा म्हाताऱ्याची शिदोरी पडलेली असते. या जातीच्या खेळांत दिसेल ते उचलावे, परक्या घरातील पेट्याही खुशाल उघडाव्यात, असा संकेतच पडून गेलेला आहे. त्यामुळे ती शिदोरी खाताना खेळणाऱ्याला काहीच वाटत नाही. पुढे नायकावर राजकन्येला पळविल्याचा खटला भरला जातो, आणि भर न्यायसभेत तो म्हातारा साक्षीस उभा राहून आपली शिदोरी याने खाल्ली असे सांगतो. जत्रेत धक्का लागून पडलेल्या मुलीची आधी विचारपूस केली की तिचा खाली पडलेला दागिना आधी उचलला, याचाही तेथे झाडा घेतला जातो. निरुपद्रवी वाटलेली सवय पुरावा होऊन समोर येते.

आता हाच प्रसंग दुसऱ्या डावात काय होतो ते पाहण्यासारखे आहे. शिदोरीला कोणी हात लावीत नाही, आणि मुलीची विचारपूस आधी होते. परंतु हे सौजन्य खरे काय? कोणी पाहत आहे हे ठाऊक असल्यामुळे आलेला तो शहाणपणा आहे. खेळणाऱ्याचा स्वभाव कसा आहे हे पहिल्या डावानेच दाखविलेले असते. दुसऱ्यात फक्त त्याची हुशारी दिसते. आणखी एक गोष्ट दुसऱ्या खेपेलाच कळते. पंचांचा निकाल दोषी असा लागो की निर्दोष असा, नायकाची रवानगी अखेर तुरुंगातच होते. पहिल्या वेळी निर्णायक वाटलेली निवड कथेचा मोठा प्रवाह मुळीच बदलीत नव्हती. कोणती निवड खरी आणि कोणती केवळ शोभेची, हे एकदा खेळून उमगत नाही. रचनेचे हे ज्ञान हा दुसऱ्या डावाचा पहिला लाभ होय.

याच खेळाने पुनरारंभाची एक रीतही रूढ केली. खेळ एकदा संपविला की कमावलेले बळ, विद्या आणि बहुतेक आयुधे घेऊन पुन्हा आरंभी जाता येते. मग लाव्होस नावाच्या अंतिम शत्रूला कथेच्या कोणत्या टप्प्यावर गाठले, यावरून डझनभर निरनिराळे शेवट पाहावयास मिळतात. अगदी जत्रेतूनच निघून त्याला मारले, तर हा खेळ घडविणारी मंडळीच पात्रे होऊन भेटीस येतात. येथे पुनरावृत्ती हे ओझे नसून बक्षीस आहे. पहिल्या खेपेचे कष्ट वगळून फक्त प्रश्न तेवढे शिल्लक ठेवलेले असतात.

दुसऱ्या लाभाचे उदाहरण म्हणून २०१९ साली निघालेल्या ‘डिस्को एलिसियम’कडे बोट दाखविता येईल. एस्टोनियातील लेखक-कलावंतांच्या गटातून जन्मलेल्या या खेळात स्मृती गमावलेला एक पोलीस तपासनीस खुनाचा शोध घेतो. त्याच्या अंगी २४ गुण असतात, आणि तर्क, सहानुभूती, इच्छाशक्ती यांसारखा प्रत्येक गुण त्याच्या मनात स्वतःच्या आवाजात बोलतो. जो गुण अधिक दिला, त्याचा आवाज अधिक ऐकू येतो. खेळाची संहिता सुमारे दहा लाख शब्दांची आहे. एका डावात तिचा काही भागच कानावर पडतो. खुनी दोन्ही वेळा तोच असतो. तथापि पहिल्या डावातील तर्कनिष्ठ तपासनिसाला जो साक्षीदार केवळ खोटारडा वाटला, तोच दुसऱ्या डावातील सहृदय तपासनिसाला भेदरलेला दिसू शकतो. घटना न बदलता दृष्टी बदलते.

असे लाभ असले तरी पुनरावृत्तीला किंमतही पडते, आणि ती ‘अंडरटेल’ या खेळाने उघड केली. अमेरिकेतील टोबी फॉक्स यांनी हा खेळ बव्हंशी एकट्याने रचून २०१५ साली प्रसिद्ध केला. त्यात भूमीखालच्या राक्षसलोकात पडलेले मूल समोर येणाऱ्या प्रत्येकाला मारू शकते किंवा अभयही देऊ शकते. मातेच्या मायेने सांभाळणारी टोरिएल वाट अडविते तेव्हा अनेकांच्या हातून ती अजाणता मारली जाते. पस्तावलेला खेळणारा मागील नोंदीपासून पुन्हा येऊन तिला वाचवितो. आणि एक पात्र त्याला गाठून, तू आधी काय केलेस ते मला ठाऊक आहे, असे सुनावते. पुसलेली चूक पुसली जात नाही.

सर्वांना वाचविणारा सुखान्त साधल्यावर हा खेळ पुन्हा उघडला, तर तेच पात्र उलट विनवणी करते. सगळे सुखी झाले आहेत. आता त्या सुखाला धोका उरला आहे तो फक्त तुझ्यापासून. त्यांना जगू दे, असा त्या बोलण्याचा आशय. तरीही केवळ ‘काय होते ते पाहू’ म्हणून ज्याने पुढच्या डावात सर्वांचा संहार केला, त्याच्यासाठी नंतरचा सुखान्तही डागाळलेलाच राहतो. पडद्यावरची पात्रे निर्जीव आहेत हे खरे. पण आपले कुतूहल शमविण्यासाठी आपण कोठवर जातो, हा प्रश्न सजीव माणसाला विचारलेला आहे.

या दोन्ही टोकांहून वेगळी अशी एक पुनरावृत्ती आहे, आणि तीच सर्वांत अधिक आढळते. २००५ साली एक्सबॉक्स ३६० या यंत्राबरोबर, आणि २००८ साली प्लेस्टेशन ३ वर, खेळांत पराक्रमाची पदके देण्याची पद्धत आली. एखादे पदक दुसऱ्यांदा खेळल्यावाचून मिळत नाही, म्हणून खेळणारा पुन्हा बसतो. संवाद न वाचता पुढे ढकलतो. ‘पर्सोना ५’सारख्या खेळाचा एक डाव सुमारे शंभर तासांचा. रोज दोन तास दिले, तरी त्यात जवळजवळ दोन महिने जातात. रकाना भरण्यासाठी आयुष्यातील एवढा काळ देणे हा व्यवहार तोट्याचाच म्हटला पाहिजे.

क्रिस्टेल रसेल आणि सिडनी लेव्ही या अभ्यासकांनी तीच पुस्तके, तेच चित्रपट आणि तीच स्थळे यांकडे पुन्हा वळणाऱ्या लोकांच्या मुलाखती घेऊन २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ही माणसे केवळ सवयीने किंवा गतकाळाच्या ओढीने परततात असे नव्हे, तर जुन्या वस्तूच्या आरशात आपल्यात झालेला पालट पाहतात, असे त्यांना आढळले. ‘नवा खेळ’ या शब्दांपाशी घुटमळणाऱ्या तरुणालाही हीच कसोटी लावता येईल. या खेपेस आपण कोणती एक गोष्ट निराळी करणार, आणि तिच्यातून काय जाणून घ्यावयाचे आहे, हे त्याला एका वाक्यात सांगता आले, तर त्याने डाव अवश्य मांडावा. पंधराव्या वर्षी खेळलेला डाव तिशीत मांडला, तर ते वाक्य बहुधा आपोआप सुचेल. सांगता आले नाही, तर यंत्र बंद करावे. कधीकधी सुखरूप संपलेली कथा तशीच राहू देणे, हीही खेळणाऱ्याने केलेली एक निवडच असते.