मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्याने व्यक्तिचित्रण : अल्प खर्चात जुन्या भिंगाची निवड

प्रस्तावना :

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. याच संस्थानात सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी मोठ्या काचपट्ट्यांवर व्यक्तिचित्रे टिपली. पुढे आलेप्पीला बनलेले 'वागीश्वरी'सारखे लाकडी कॅमेरे देशभरातील स्टुडिओंत वापरले गेले. आज ही सामग्री अडगळीत आहे आणि तिची भिंगे पितळेच्या भावाने मोडीत जाण्याची भीती आहे. प्रकाशशास्त्र वा छायाचित्रण शिकविणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयास मात्र ती अत्यंत उपयुक्त आहेत.

भिंगाची निवड :

४×५ इंची कॅमेऱ्यास १५० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग सर्वसाधारण मानले जाते. त्याने चेहरा मोठा घ्यावयाचा तर कॅमेरा फार जवळ न्यावा लागतो व नाक प्रमाणाबाहेर मोठे दिसते. म्हणून व्यक्तिचित्रणासाठी २१० ते ३०० मि.मी.चे भिंग घ्यावे. परंतु त्याआधी कॅमेऱ्याचा भाता मोजावा. २४० मि.मी.च्या भिंगाने चेहरा एक-तृतीयांश आकारात घेताना भाता ३२० मि.मी. ताणावा लागतो, आणि प्रकाशनकाळ सुमारे पावणेदोनपट होतो. हा हिशेब न करता केलेली खरेदी वाया जाते.

१८४० चे पेट्झव्हाल भिंग व्यक्तिचित्रणासाठीच घडविले गेले. त्याचा मध्य रेखीव, कडा धूसर. त्याच्या नावाला आज अवास्तव किंमत मोजली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते महाविद्यालयाने त्या मोहात पडू नये. १९०२ च्या टेसार रचनेची भिंगे अनेक उत्पादकांनी बनविली, ती अधिक सुलभ आहेत. छापखान्यांच्या प्रोसेस कॅमेऱ्यांतील एफ/९ ची भिंगेही विचारात घ्यावीत. ती रेखीव असतात, पण मंद. ग्राउंड ग्लासवर प्रतिमा अंधुक दिसते.

यांपैकी बऱ्याच भिंगांना शटर नसते, म्हणूनच ती स्वस्त असतात. ही उणीव फिल्मऐवजी छायाचित्रणाचा कागद वापरल्यास भरून निघते. कागदाची संवेदनक्षमता आयएसओ ६ च्या आसपास धरली, तर मोकळ्या सावलीत एफ/११ वर सुमारे एक सेकंद लागतो. एवढा वेळ भिंगाचे झाकण हाताने काढून-लावून साधता येतो. बसणाऱ्याच्या डोक्यामागे आधार मात्र हवा. असा कागद तांबड्या रंगास जवळजवळ आंधळा असल्याने उन्हात रापलेली त्वचा अधिक गडद उमटते, हेही ध्यानी ठेवावे. १०० आयएसओची फिल्म वापरावयाची असल्यास शटरवाचून गत्यंतर नाही.

तपासणी :

भिंगामागे विजेरी धरून पाहावे. एखादा ओरखडा वा धुळीचा कण चित्रावर फारसा परिणाम करीत नाही. बुरशीचे जाळे व दुधी झाक यांमुळे मात्र चित्राचा उठाव हरपतो. चिकटविलेल्या काचा सुटू लागल्या असतील, तर कडेला इंद्रधनुषी डाग दिसतात. छिद्राची पाती फिरवून पाहावीत आणि भिंग फळीवर बसविण्याची मूळ कडी सोबत मागून घ्यावी. ती नसल्यास लेथवर नवी करवून घ्यावी लागते. जुन्या भिंगांवर परावर्तनरोधक लेप नसतो, त्यामुळे काळ्या पुठ्ठ्याची नळी पुढे लावणे इष्ट.