भीतीचा पडदा (भाग ६) : रिकामी जागा कोण भरतं?

भयपटात हिंसा किती दाखवावी, या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर मिळतं : कमीत कमी दाखवा, बाकी प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोडा. त्यात तथ्य आहेच. १९६० च्या ‘सायको’मधला न्हाणीघरातला खून पाऊण मिनिटात उरकतो. सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही आणि रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलेलं होतं. १९७४ च्या ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’चं नावच अंगावर येणारं, पण त्यात रक्त फारच थोडं आहे. बघून आलेल्या माणसांना मात्र आपण बरंच काही पाहिल्यासारखं वाटतं, कारण न दिसलेला भाग त्यांनीच मनात पुरा केलेला असतो.

तरीही धुळे-जळगावच्या वाचकांसाठी लिहिताना मला हे उत्तर पुरत नाही. त्याचं कारण राईनपाडा.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात त्या दिवशी आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे पाच जण तिथे आले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप त्याआधीचे कित्येक दिवस मोबाइलवर येत होते. संशय आला, गर्दी जमली, पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच ते मार खाऊन मेले. त्या मारहाणीच्या चित्रफितीही मग मोबाइलवरून फिरल्या.

भयपट ज्या साधनांवर चालतो, ती सगळी इथे हजर होती. न दिसणारा शत्रू. धोक्यात असलेलं मूल. आज आपल्या गावात काहीतरी होणार, ही धास्ती. ती टोळी कुणीही पाहिलेली नव्हती, म्हणून प्रत्येकाने ती आपापल्या मनात रंगवली. आणि मनातल्या त्या चित्राला चेहरा हवा होता तेव्हा तो सापडला परक्या गावच्या, गरीब, ओळखदेख नसलेल्या माणसांचा.

त्या सुमारास देशभर पसरलेल्या चित्रफितींपैकी एक आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात, इतकंच तिच्यात दिसायचं. मुळात ती कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. नवं काहीच जोडलं नाही, फक्त काही सेकंद काढून टाकले आणि जनजागृतीची फीत भयाची फीत झाली. संकलनाच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट कायम ध्यानात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. काय दाखवलं याचा जाब दिग्दर्शकाला द्यावा लागतो, तसाच काय वगळलं याचाही.

न दिसणाऱ्या भीतीला असा माणसाचा चेहरा देणं सातपुड्याच्या पायथ्याशी जुनंच आहे. मूल आजारी पडलं, गुरं मेली, पीक गेलं, की कारण दिसत नाही. मग एखाद्या बाईला डाकीण ठरवतात. ती बहुधा विधवा असते, एकटी असते, किंवा तिच्या नावावर कुणाच्या तरी डोळ्यात खुपणारा जमिनीचा तुकडा असतो. तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं, जीवही जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला आणि कुणी करणी करतं असं भासवून त्याचा छळ करणं हा गुन्हा ठरला. पण आपल्या भयपटातली हडळ पाहा. मोकळे केस, पांढरं लुगडं, उलटी पावलं, गावाबाहेरचं घर. दिग्दर्शक तिला अंधारात ठेवतो, अर्धीच दाखवतो आणि उरलेली प्रेक्षकावर सोडतो. गावात आधीच बोट दाखवून ठेवलेली एखादी म्हातारी असेल, तर ही उरलेली अर्धी कुणाच्या रूपाने पुरी होणार?

म्हणून विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ मला इतका मोलाचा वाटतो. २०१७ चा हा मराठी चित्रपट पुढे हिंदीत ‘छोरी’ म्हणून आला. गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्याबरोबर उसाच्या फडामधल्या एका घरात आसरा घेते. तुळसाबाई (उषा नाईक) तिची काळजी घेते, उसातून लेकरांचे आवाज येतात. फड एवढा उंच आणि दाट, की कॅमेऱ्याला फार काही करावंच लागत नाही. पानं हलली तरी पोटात गोळा येतो. भुतं आहेतच, पण हळूहळू कळतं की भ्यायचं आहे ते जिवंत माणसांना, मुलगी नको म्हणणाऱ्या घराला. प्रेक्षकाच्या मनातली रिकामी जागा चित्रपटाने मोकाट सोडलेली नाही, तिथे नेमका गुन्हेगार आणून बसवला आहे.

आणि हा गुन्हेगार आपल्या ओळखीचा आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. मुलींना गर्भातच संपवणाऱ्या हिंसेचं चित्र निघत नाही. स्वच्छ दवाखाना, बंद दार, पैशांची देवघेव. ना किंकाळी, ना साक्षीदार. जी हिंसा रोजच्या जगण्यात कुणाला दिसतच नाही, तिच्याबाबतीत ‘सुचवा, दाखवू नका’ हा सल्ला मला चुकीचा वाटतो. ती दाखवावी. तिला आवाज द्यावा, शरीर द्यावं, लागलं तर रक्तही द्यावं. उलट जमावाने माणूस मारण्याचं दृश्य आता प्रत्येकाच्या खिशात आहे. तिथे कॅमेरा जखमेवर रोखून काही साधत नाही. तो वळावा भोवती उभ्या राहून मोबाइल धरणाऱ्यांकडे.

सेन्सॉरची वर्गवारी या प्रश्नापर्यंत पोचत नाही. कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन यूए प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे टप्पे झाले, हे पालकांच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण त्यातून वयाचा अंदाज येतो. भीती कुणाकडे वळवली आहे, हे कळत नाही.

जळगाव-धुळ्यात आज कितीतरी तरुण मोबाइलवर, अहिराणीत, मित्रांना घेऊन छोट्या फिती करतात. त्यांत भुताच्याही असतात. पैसा नसल्याने अंधार आणि आवाज यांवरच काम भागवावं लागतं, आणि त्यामुळे काहींची पकड मोठ्या चित्रपटांपेक्षाही घट्ट असते. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे : भुताचा वेश ठरवताना भिक्षेकऱ्याची झोळी आणि एकट्या म्हातारीचं लुगडं बाजूला ठेवा. केळीच्या बागेतून रात्री कोण येतंय ते शेवटपर्यंत दाखवू नका, हरकत नाही; पण ते कोण आहे हे तुम्हाला स्वतःला पक्कं ठाऊक असू द्या.

पुढच्या भागात भयकथाकार नारायण धारपांकडे वळू. ‘तुंबाड’ चित्रपटातली साखळदंडात बांधलेली आजी त्यांच्या एका कथेतून आली आहे. कागदावरची भीती पडद्यावर येताना तिच्यात काय वाढतं आणि काय गळून जातं, ते त्या आजीच्या आधारे पाहू.